रंग एक, प्रकाश किती?

पडद्यावरचा हा पिवळा चौकोन नीट पाहा. आता कॅमेरा भिंगातून अगदी जवळ नेऊ. दिसले? लाल ठिपके, हिरवे ठिपके आणि विझलेले निळे. पिवळा ठिपका एकही नाही.

शेजारी सोडियमचा दिवा लावलाय. रंग जवळजवळ तोच. डोळ्याला फरक कळत नाही, कारण डोळा तरंगलांबी मोजतच नाही. त्याच्यातल्या रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशींपैकी कोणत्या किती चेतल्या, एवढ्यावरच तो रंग ठरवतो. लोलक मात्र फसत नाही. चौकोनातला प्रकाश त्यातून गेला की लाल आणि हिरवा वेगळे होतात. सोडियमचा पिवळा पिवळाच राहतो. भौतिकशास्त्रातला एकवर्णी, म्हणजे एकाच तरंगलांबीचा, प्रकाश तो हा. खरं तर या चित्रफितीत तोही तुमच्यापर्यंत लाल-हिरव्याच्या मिश्रणातूनच पोचतोय. अस्सल पाहायचा, तर त्या दिव्यासमोरच उभं राहायला हवं.

आणि एकदा तरी राहावंच. खोलीत फक्त तोच दिवा असला, की लालभडक कापड काळपट दिसतं, निळंही तसंच. ओठांची लाली जाते. लाल कापडाने परत पाठवावा असा लाल प्रकाशच तिथे नसतो.

पण सोडियमचा प्रकाश तरी एकच आहे का? चांगल्या वर्णपटमापीत, म्हणजे प्रकाशातल्या तरंगलांब्या वेगवेगळ्या रेषा म्हणून दाखवणाऱ्या उपकरणात, त्या पिवळ्या रेषेच्या दोन होतात: ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. त्यातली प्रत्येक रेषाही थोडी रुंदच. दिव्यातले अणू वेगाने धावतात. काही आपल्याकडे, काही दूर, आणि त्याप्रमाणे तरंगलांबी किंचित घटते, वाढते. अणू जागीच थोपवले तरी रुंदी पुरती जात नाही. ऊर्जा मिळून उद्दीपित झालेला सोडियम अणू सरासरी १६ नॅनोसेकंदांत प्रकाश सोडून मोकळा होतो, आणि इतक्या थोडक्यात संपणाऱ्या तरंगाला एकच एक वारंवारता असूच शकत नाही. ती हवी तर तरंगाला ना आरंभ हवा, ना शेवट. असा दिवा नाही, असा लेसरही नाही.

तरीही जवळपास एकवर्णी प्रकाशावर माणसाने केवढा विश्वास टाकला! १९६० साली मीटरची व्याख्याच क्रिप्टॉन-८६ या वायूच्या नारिंगी प्रकाशावर बेतली: १६,५०,७६३.७३ तरंगलांब्या म्हणजे एक मीटर. पुढे तीही रेषा पुरेशी बारीक नाही, दोन्ही बाजूंनी सारखीही नाही, हे ध्यानात आलं. लेसरच्या रेषा तिच्याहून कितीतरी बारीक होत्या. १९८३ साली क्रिप्टॉनला निरोप देऊन मीटर प्रकाशाच्या वेगाशी जोडला गेला.