रेडवूड: टिकतो तो गाभा

रेडवूड कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं. टिकतो तो त्याचा लाल-तपकिरी गाभा. सालीलगतचं पांढुरकं लाकूड ओलाव्यात इतर कुठल्याही मऊ लाकडासारखंच कुजतं.

हे झाड कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या धुक्याच्या अरुंद पट्ट्यातलं. सिएरा नेवाडा डोंगररांगेतला त्याचा भाऊबंद जायंट सेक्वोया निराळा. त्याचा बुंधा अवाढव्य, पण लाकूड ठिसूळ. पाडताना खोडाचे तुकडे व्हायचे आणि कुंपणाचे खुंट, काड्यापेटीच्या काड्या असलंच काही हाती लागायचं. किनाऱ्यावरचं झाडसुद्धा आपटून फुटे, म्हणून जुने लाकूडतोडे ते पडणार त्या रेषेत फांद्यांची गादी अंथरत.

गाभ्यातल्या टॅनिनसारख्या (चहाला तुरटपणा आणणारं तेच) द्रव्यांमुळे बुरशी आणि कीड दूर राहते. शिवाय लाकूड वाळताना फार आक्रसत नाही, त्यामुळे फळी सरळ राहते. पाण्याच्या टाक्या नि वाइनची पिंपं त्याची होत, ती याच गुणांवर. वजनाला मात्र ते हलकं, घनमीटरला साधारण ४०० किलो; सागवान ६५०च्या आसपास. नखानंही ओरखडा उठतो, तेव्हा वर्दळीच्या जमिनीला ते घेऊ नये.

मूळ जंगलापैकी जेमतेम ५ टक्के उरलंय. आज वखारीत येतं ते बहुतेक तोडीनंतर पुन्हा वाढलेल्या झाडांचं: वाढ भराभर, वलयं रुंद, गाभा कमी, आणि तो गाभाही जुन्याइतका चिवट नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या आपल्या मराठी घरांच्या मागच्या अंगणातलं कुंपण नि डेक (लाकडी ओटा) बहुधा याच लाकडाचं असतं, आणि चूक होते ती खरेदीत. ‘क्लिअर’ प्रत म्हणजे गाठी नसलेली, देखणी, महाग फळी. तिच्यात पांढरा भाग चालतो. ‘कन्स्ट्रक्शन हार्ट’मध्ये गाठी असतात, पण ती सगळी गाभ्याची. लोक जास्त पैसे मोजून क्लिअरचा खांब मातीत पुरतात आणि तो जमिनीच्या पातळीलाच कुजतो. जमिनीजवळ ‘हार्ट’ शब्द असलेलीच प्रत घ्या. खांबाच्या खड्ड्यात तळाला खडी घाला आणि वरच्या काँक्रीटला बाहेरच्या बाजूला उतार द्या, म्हणजे बुडाशी पाणी साचणार नाही.

साधा लोखंडी खिळा ठोकला की टॅनिनशी त्याची प्रक्रिया होऊन काळे ओघळ येतात. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच वापरा. पडलेले डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्यानं निघतात. हातमोजे घाला, ते विषारी आहे. फळीच्या टोकाशी आधी भोक पाडलं नाही तर ती हमखास चिरते. दोन फळ्यांत ५ मिलिमीटरची फट ठेवा आणि कापलेल्या टोकांना पाणी रोखणारं द्रव्य लावा, कारण पाणी सर्वांत जास्त तिथूनच शिरतं. बाहेरच्या लाकडाला व्हार्निश नको. उन्हात त्याचे पापुद्रे सुटतात आणि सगळं खरवडून काढावं लागतं. आत मुरणारं तेलकट स्टेन (पातळ रंगद्रव्य) बरं. काहीच लावलं नाही तर लाकूड करडं होतं; त्यात वाईट काही नाही. पांढरा रंग द्यायचा असेल तर खाली डाग रोखणारा प्रायमर हवाच, नाहीतर लालसर झाक वर येते.

आणि कापताना मास्क. बुरशी धरलेला रेडवूडचा भुस्सा वारंवार छातीत गेला तर फुप्फुसांना सूज येते. या विकाराला ‘सेक्वोयोसिस’ असं स्वतंत्र नावच आहे.