कात्सेनएल्नबोगेन: जकातीवर उभं राहिलेलं घराणं

जर्मनीत ऱ्हाइनच्या डाव्या तीरावर, सांक्ट गोआर गावाच्या माथ्यावर दिसतात ते ऱ्हाइनफेल्स किल्ल्याचे अवशेष. कात्सेनएल्नबोगेनचा काउंट पाचवा डीथर याने हा किल्ला १२४५ मध्ये बांधायला घेतला, तो खालच्या जकातनाक्याच्या राखणीसाठी.

घराण्याचं मूळ गाव इथून पूर्वेला, लान नदीच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात. काउंट ही पदवी त्यांच्याकडे ११३८ पासून. पण खरी मिळकत नदीवरची. इथे ऱ्हाइन अरुंद दरीतून, खडकांना वळसे घालत वाहते. प्रवाहाविरुद्ध जाणारी नाव काठावरून दोराने ओढत न्यावी लागे. दारूची पिंपं भरलेल्या अशा नावेला नाका चुकवायला दुसरी वाटच नव्हती.

डीथरने जकात वाढवली आणि व्यापारी शहरं खवळली. मनमानी जकातींविरुद्ध १२५४ मध्ये एकत्र आलेल्या ऱ्हाइनकाठच्या शहरांच्या संघाने पुढच्याच वर्षी किल्ल्याला वेढा घातला. वेढा वर्षाहून अधिक काळ चालला. किल्ला पडला नाही, आणि जकातही सुरूच राहिली.

बाहेरच्या शत्रूला न जमलेलं काम घरातल्या वाटणीने केलं. १२६० च्या सुमारास घराण्याच्या दोन शाखा झाल्या आणि मुलूख विभागला गेला. तरी दोन्हीकडे कर्तबगारी दिसते. १२८३ मध्ये ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग किल्ला हाती आला. १३३० मध्ये डार्मश्टाटला शहराचा दर्जा मिळाला. सांक्ट गोआरच्या समोर, पलीकडच्या तीरावर कात्स किल्ला उठला. आज तिथे दिसते ती बरीचशी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झालेली पुनर्बांधणी; मूळ किल्ला १८०६ मध्ये नेपोलियनच्या फौजेने उडवला होता.

दोन्ही शाखा १४०२ मध्ये पुन्हा एक झाल्या. एका शाखेच्या मुलाने दुसऱ्या शाखेच्या वारस मुलीशी लग्न केलं होतं, म्हणून हे जमलं. याच घराण्याच्या रुसेल्सहाइमच्या हिशेबात १३ मार्च १४३५ ची एक नोंद आहे: रीसलिंग द्राक्षाच्या कलमांसाठी २२ शिलिंग. रीसलिंगचा हा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख. कारभाऱ्याने सहज टिपलेली ही ओळ मला या घराण्याच्या लढायांहून मोलाची वाटते.

शेवटचा काउंट थोरला फिलिप. पैसा भरपूर, पण थोरला मुलगा १४५३ मध्ये गेला, दुसरा १४५६ मध्ये मारला गेला. मुलगी आना हिचं लग्न हेसनच्या तिसऱ्या हाइनरिखशी झालं होतं. १४७९ मध्ये फिलिप वारला आणि सगळा मुलूख जावयाकडे गेला.

आनाचा मुलगा १५०० मध्ये निपुत्रिक वारला. त्याची बहीण एलिझाबेथ नासाऊ घराण्यात दिलेली; त्या घराण्याने वारसा मागितला आणि भांडण पेटलं. ते १५५७ मध्ये फ्रँकफुर्टला मिटलं. हेसनने मुलूख राखला आणि नासाऊला ६,००,००० गुल्डनची भरपाई कबूल केली, काही रोख, काही जमिनीच्या रूपात. नासाऊंनी पदवी मात्र सोडली नाही. नेदरलँड्सचं राजघराणं याच नासाऊंचं; म्हणून तिथल्या राजाच्या बिरुदावलीत ‘कात्सेनएल्नबोगेनचा काउंट’ हे शब्द आजही आहेत.