जागरणानंतरचा डोंगर

श्रोतेहो, नमस्कार.

मार्गशीर्ष लागला की आपल्याकडे शनिवार आणि रविवार हे सुट्टीचे दिवस राहत नाहीत. शुक्रवारी रात्री हळद, शनिवारी सकाळचा मुहूर्त, त्याच रात्री कुलदेवतेचा गोंधळ, आणि पाहुण्यांच्या गाड्या निघू लागल्या की, "एवढे सगळे जमलोच आहोत, तर पहाटे कुठेतरी डोंगरावर जाऊन येऊ," असे कोणीतरी म्हणतेच. हे म्हणणारा बहुधा तोच असतो, ज्याची पाठ दोन रात्री जमिनीला टेकलेली नसते. आज मला बोलायचे आहे ते याच उत्साहाविषयी. डोंगरावर जाऊ नका असे मी सांगणार नाही, कारण मी स्वतः जाते आणि पुढेही जाणार आहे. मात्र दोन रात्रींच्या जागरणानंतर कोणी चढायचे, कोणी वाटेत थांबायचे आणि गाडी कोणी चालवायची, हे संबळ वाजू लागण्यापूर्वी ठरलेले असावे, असे माझे मत आहे.

जागरण आपल्या घरांना नवे नाही. पण पूर्वीच्या जागरणाला दुसऱ्या दिवशीची दुपार जोडलेली असे. गोंधळ्यांची शिधा-दक्षिणा झाली, न्याहारी झाली, की माजघरात सतरंज्या पसरल्या जात आणि सगळे गणगोत ओळीने आडवे होई. त्या दिवशी कोणालाही कुठेही पोहोचायचे नसे. आता सकाळी ठरलेल्या वेळेला कार्यालय रिकामे करून द्यावे लागते आणि सोमवारी प्रत्येकाची कचेरी असते. कार्यालयवाल्यांनी गोंधळ असलेल्या घराला दुपारपर्यंतची सवलत दिली, तर त्यांचे फारसे काही बिघडणार नाही. पण त्यांना हे सांगणार कोण? असो.

झोपेचे शास्त्र मी थोडक्यात सांगते. आपल्या शरीराचे घड्याळ आपण झोपलो की नाही हे पाहून थांबत नाही. पहाटे चारच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली आलेले असते आणि त्या वेळी जागे माणूस सर्वांत मंद असते. मग उजाडते, प्रकाश डोळ्यांत शिरतो, घड्याळ वर चढू लागते आणि रात्रभर न झोपलेल्या माणसालाही वाटते की आपण ताजेतवाने आहोत. झोपेची थकबाकी मात्र तशीच असते. दुपारी एक ते चारच्या दरम्यान घड्याळ पुन्हा थोडे खाली येते आणि तेव्हा ती थकबाकी एकदम वसूल होते. आता हिशेब करा. पहाटे चढायला लागलेला माणूस उतरतो केव्हा? दुपारी. आणि गाडीचे चाक हाती घेतो केव्हा? तेही दुपारीच. म्हणून पुन्हा सांगते, श्रोतेहो: जागरणानंतरचा खरा धोका चढणीवर कमी आणि उतरणीवर जास्त असतो. चढताना धाप लागते, आणि धापच माणसाला जागे ठेवते. उतरताना धाप नसते, मांड्यांचे स्नायू प्रत्येक पावलाला शरीराचा भार रोखून धरत असतात, आणि पाऊल कुठे टाकायचे हे ठरवणारे लक्ष तेवढे पेंगत असते.

डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात एक तुलना प्रसिद्ध केली होती. सलग १७ तास जागा असलेला माणूस हात-डोळ्यांच्या साध्या कामात जितका चुकतो, तितकाच रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेला माणूस चुकतो, असे त्यांना आढळले. आपल्या देशात वाहन चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. सतरा तास म्हणजे सकाळी सहाला उठलेल्याचे रात्रीचे अकरा. गोंधळ तर तेव्हा कुठे रंगात येत असतो. चहाने ही स्थिती पालटत नाही; चहा-कॉफीने झोपेची जाणीव काही काळ दबते, झोपेची गरज भागत नाही. शास्त्र एवढे पुरे, कारण मला खरी गोष्ट सांगायची आहे ती कळसूबाईची.

आमच्या महाविद्यालयाच्या दिवसांतल्या मित्रमंडळींपैकी एकीच्या मुलीचे लग्न नाशिकला होते. मुलीचा मामाही आमच्याच मंडळातला. बँकेत शाखाधिकारी, हिशेबाचा पक्का आणि कोणाचेही काम स्वतःच्या अंगावर घेण्याची सवय असलेला. लग्नघरात मामाला किती कामे असतात हे मी सांगायला नको. हळदीच्या रात्री त्याने मांडवाचे दिवे लावून घेतले, मुहूर्ताला भाचीला बोहल्यावर आणले, पंगतीत आग्रह केला, आणि रात्री गोंधळात दिवटी धरून उभा राहिला तोही तोच. आम्ही बाकीचे दुपारी पाठवणीनंतर आणि गोंधळ सुरू झाल्यावर आळीपाळीने झोपून घेतले होते. घोटीकडच्या एका जीपवाल्याला आम्ही आधीच ठरवले होते, आणि तो संध्याकाळी लवकर जेवून झोपून आला होता. झोपला नव्हता तो एकटा मामा. गोंधळाची आरती झाल्यावर, कपाळावर हळद आणि कुंकवाचा रुंद मळवट तसाच ठेवून, जीपमध्ये सर्वांत आधी जाऊन बसला तोही मामाच.

घोटीहून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागले की बारी हे गाव येते. अकोले तालुक्यातल्या या गावातून कळसूबाईची नेहमीची वाट चढते. शिखराची उंची १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रात याहून उंच काही नाही. काही लोक या शिखराला महाराष्ट्राचे एव्हरेस्ट म्हणतात आणि ती उपाधी मला मुळीच आवडत नाही. कळसूबाईला स्वतःचे नाव आहे, आणि त्या नावामागे कथाही आहे. असे सांगतात की कळसू नावाची एक मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली, पण तिची एक अट होती: भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, बाकी सांगाल ते करीन. एकदा घरात पाहुणे आले, गडबड उडाली आणि पाटलाने तिला नेमकी तीच दोन कामे सांगितली. तिने ती केली आणि नंतर घर सोडून जी डोंगरावर गेली ती तिथेच राहिली. तिने जिथे भांडी घासली ते थाळेमेळ, आणि जिथे केर काढला तो काळदरा, असे तिथले लोक दाखवतात. लग्नघरात तीन दिवस भांडी आणि केर यांखेरीज काहीही न पाहिलेल्या आम्हा बायकांना ही कथा जीपमध्येच इतकी पटली, की आमच्यातल्या एकीने परत न येण्याचा ठराव मांडला आणि दुसरीने त्याला अनुमोदनही दिले.

विजेऱ्या घेऊन आम्ही बारीतून पहाटेच्या अंधारात निघालो. मामा सर्वांत पुढे होता. तो बोलत होता, हसत होता, मधेच गोंधळातली ओळ म्हणत होता आणि चढही झपाझप चढत होता. लोखंडी शिड्यांपैकी पहिल्या शिडीशी पोहोचलो तेव्हा पूर्वेला तांबडे फुटले होते. मामा दोन्ही हातांनी कठडा धरून, त्या तांबड्याकडे तोंड करून, स्तब्ध उभा राहिला. आम्हाला वाटले, माणूस सूर्योदय पाहतो आहे. आम्हीही आदराने गप्प झालो. बराच वेळ झाला तरी तो वळेना, तेव्हा एकीने पुढे होऊन त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. मामा उभ्याउभ्या झोपला होता.

शिडीच्या अलीकडच्या सपाटीवर एक वयस्क मावशी लिंबू सरबत विकतात. अंधार असतानाच डोक्यावर पाणी घेऊन त्या वर येतात, चार बांबूंवर कापड ताणलेल्या खोपटात तोटीचा स्टीलचा डबा मांडतात, आणि उष्टे कागदी पेले वाटेवर उडू नयेत म्हणून शेजारी एक गोणी बांधून ठेवतात. शिखरांवर कर्णे घेऊन जाऊन मोठ्याने गाणी लावणाऱ्या आपल्या शहरी तरुणांनी त्या गोणीपुढे एकदा उभे राहावे, असे मला नेहमी वाटते. मावशींनी मामाकडे दुरूनच पाहिले आणि म्हणाल्या, "ह्याला वर नेऊ नका. ह्याचे पाय जागे हायेत, पण डोळं झोपल्यात."

मामा तेवढ्यात दचकून उठला होता आणि आपण पूर्ण जागे असल्याचे सांगत होता. इतक्या लांब येऊन देवीचे दर्शन न घेता कसे परतायचे, असा त्याचा प्रश्न होता. मावशींनी त्याला उत्तर दिले ते मी विसरलेले नाही. "कळसूबाई काय पळून चालली व्हय? ती तर घर सोडून हितं ऱ्हायलाच आलीय. तू झोप." त्यांनी खोपटात पोते अंथरले, वरून घोंगडी दिली, आणि बँकेचा शाखाधिकारी एखाद्या आज्ञाधारक पोरासारखा तिथे आडवा होऊन क्षणात घोरू लागला.

आम्ही शिड्या चढून वर गेलो. माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ आहे, नवरात्रात तिथे मोठी जत्रा भरते. एका बाजूला भंडारदऱ्याचा जलाशय आणि पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग यांच्या कातळभिंती. हे सारे उन्हात पाहून आम्ही तासाभराने उतरायला लागलो. उतरताना शिड्यांवर तोंड डोंगराकडे ठेवून, एक जण शिडीवरून पूर्ण खाली पोहोचल्यावरच दुसऱ्याने पाय टाकायचा, असा नियम आम्ही केला होता. हा नियम झोपलेल्यांनीही पाळावा. न झोपलेल्यांनी तर तिथवर जाऊच नये.

सपाटीवर पोहोचलो तर खोपटासमोर पंधरा-वीस माणसे अदबीने उभी. काहींनी पायातले बूट काढलेले. मावशी झऱ्यावर पाणी आणायला गेल्या होत्या. आत घोंगडीवर मामा पद्मासनाच्या जवळपास जाणाऱ्या एका अवस्थेत, खांबाला टेकून, डोळे मिटून बसलेला, कपाळावर रात्रीचा तो हळदीकुंकवाचा मळवट, आणि त्याच्या पुढ्यात नोटा, नाणी, दोन केळी आणि एक नारळ. झाले होते असे, की कुशीवर ऊन आले म्हणून तो झोपेतच उठून बसला होता, आणि शहरातून आलेल्या एका गटाने त्याला देवीचा भगत समजून समोर दहा रुपये ठेवून हात जोडले होते. एकाने ठेवले म्हणून दुसऱ्याने ठेवले. ज्यांना सरबत हवे होते त्यांनी डब्याची तोटी स्वतःच सोडून सरबत घेतले आणि पैसे त्याच ढिगात टाकले. आम्ही पोहोचलो त्या क्षणी एक तरुण त्याला अगदी हळू आवाजात, आपली बदली पुण्याला होईल का, असे विचारत होता. मामाने झोपेत मान डोलावली. पेंगणारा माणूस मान डोलावतोच. पण त्या तरुणाच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून आमच्यापैकी कोणालाही खरे सांगण्याचे धैर्य झाले नाही.

मावशी आल्या, मामा जागा झाला, आणि मग प्रश्न उरला पैशांचा. यातले देवीचे किती आणि सरबताचे किती? मामा हिशेबाचा माणूस, त्याने सगळे मावशींनाच घ्या असे सांगून पाहिले, मग अर्धे-अर्धे करण्याची सूचना केली. मावशींना दोन्ही पटेना. त्यांनी गोणी मोकळी केली, आपण गेल्यानंतर वर पडलेले उष्टे पेले एकेक करून मोजले, त्यांना सरबताच्या दराने गुणले, आणि तेवढीच रक्कम नेमकी उचलून कनवटीला लावली. उरलेली रक्कम देवीची. ती मामाच्या हाती देऊन, पायथ्याकडच्या देवळातल्या पेटीत टाकायला सांगितली. "आणि तिथं उभ्यानं झोपू नको," असेही बजावले. नारळ त्यांनी तिथेच फोडला आणि खोबरे आम्हा सर्वांना वाटले. मामा आजही म्हणतो की इतका स्वच्छ ताळेबंद त्याने आपल्या शाखेत कधी पाहिला नाही.

त्यानंतर लगेच उतरायला मावशींनी आम्हालाही परवानगी दिली नाही. सावलीत सर्वांना वीस मिनिटे पडायला लावले. वीस मिनिटांची डुलकी उपयोगी पडते, कारण गाढ झोप लागण्याआधीच माणूस उठतो आणि उठल्यावर फारसे जड वाटत नाही. तासभर झोपून अर्धवट उठवले, तर डोके गरगरते आणि पाय ओळखीचे राहत नाहीत. बारीत पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, म्हणजे मघाशी सांगितलेली तीच वेळ. घोटीपर्यंत पोहोचण्यापूर्वी जीपमधले सगळे झोपले होते. जागा होता तो चालक, आणि तो संध्याकाळीच लवकर झोपून आलेला होता, हे मी दुसऱ्यांदा सांगते आहे.

मामाच्या धाकट्या भाचीचे लग्न आता माघात ठरले आहे. या वेळी कळसूबाई लग्नाच्या शनिवार-रविवारी ठेवलेली नाही. ती पुढच्या रविवारी आहे आणि सोमवारची रजा सर्वांनी आत्ताच टाकली आहे. मामाने अजून शिखर पाहिलेले नाही. मावशींसाठी त्याने पेल्यांचा एक मोठा गठ्ठा घेऊन ठेवला आहे, आणि या वेळी कपाळ धुऊनच यायचे, अशी अट आम्ही त्याला घातली आहे.

नमस्कार.