वणवा यायच्या आधीचं काम

नमस्कार मंडळी. इथं बसलेल्यांपैकी हिल्समध्ये कोण कोण राहतं, म्हणजे आपल्या बे एरियातल्या टेकड्यांवर, ओकलंड, बर्कली, ओरिंडा, लॉस गॅटोसच्या वरचा भाग, जरा हात वर करा बघू. बरेच जण आहेत. आता ज्यांनी हात वर केलाय त्यांच्यापैकी आपल्या घराचा इव्हॅक्युएशन झोन नंबर, म्हणजे आग आली की कुठल्या भागाने बाहेर पडायचं हे ज्या नंबराने सांगतात तो, कुणाला पाठ आहे? चार जण. बरं, ठेवा हात खाली. मला आज जे सांगायचंय ते या दोन प्रश्नांच्या मधलंच आहे.

मी साताऱ्याकडची, त्यामुळे वणवा मला नवा नाही. फेब्रुवारी-मार्च आला की संध्याकाळी समोरच्या डोंगरावर लाल रेघ दिसायची, कुणीतरी गवत पेटवलेलं असायचं, का तर म्हणे पुढच्या वर्षी चारा जोमात येतो. आम्ही पोरं अंगणात बसून ती रेघ बघायचो आणि आत जाऊन झोपायचो. भीती वाटायची नाही कारण डोंगर आणि गाव यांच्या मध्ये शेतं होती, पिकं काढून रिकामी झालेली, काळी जमीन, तिथं आग येऊन थांबणार हे आजीला पण माहीत होतं. इथं कॅलिफोर्नियात आल्यावर मला पहिल्यांदा कळलं की मधली ती काळी जमीनच इथं नाहीये. इथं घरं जंगलाच्या आत बांधलीत, डेकला टेकून पाइन आहे, आणि रस्ते आपल्या घाटातल्या रस्त्यासारखे, एक गाडी आली की दुसरीने थांबायचं.

तर पॅराडाइजची गोष्ट सांगते, उत्तर कॅलिफोर्नियातलं डोंगरावरचं गाव, 2018 च्या वणव्यात जळालेलं. बऱ्याच जणांना वाटतं की त्या गावाने काही तयारीच केली नव्हती म्हणून तसं झालं. असं अजिबात नाहीये. 2008 च्या जूनमध्ये तिथं हम्बोल्ट फायर नावाची आग आली होती, तेव्हा हजारो लोक एकाच वेळी गाड्या काढून खाली निघाले आणि तासन्‌तास अडकून पडले. त्यातून गाव शिकलं. त्यांनी गावाचे 14 झोन पाडले, म्हणजे एकेक झोन क्रमाने बाहेर काढता येईल. खाली चिकोकडे जाणारा मुख्य रस्ता स्कायवे, तो गरज पडली तर सगळ्या लेन उतरणीच्या दिशेने सोडायच्या असं ठरवलं, आणि नुसतं कागदावर नाही, 2016 मध्ये त्याची रंगीत तालीमसुद्धा केली. मला सांगा, आपल्या किती शहरांनी आजपर्यंत खरोखर गाड्या काढायला लावून तालीम केलीय?

मग 8 नोव्हेंबर 2018 उजाडला. त्या वर्षी पाऊस लांबलेला, सगळं कोरडं ठाक, आणि पहाटेपासून दरीतून सोसाट्याचा वारा. साडेसहाच्या सुमाराला पुल्गाजवळ पीजी अँड ई या वीज कंपनीच्या खूप जुन्या हाय टेन्शन लाइनवरचा झिजलेला हूक तुटला, तार टॉवरला लागली, ठिणग्या खालच्या गवतात. (कंपनीने 2020 मध्ये कोर्टात 85 पैकी 84 मृत्यूंचा गुन्हा कबूल केला.) ते ठिकाण गावापासून दहा-अकरा किलोमीटर लांब, आणि आठ वाजायच्या सुमाराला गावात घरं पेटायला लागली होती. दीड तास फक्त. पहिल्यांदा पूर्वेकडच्या झोनना बाहेर पडा म्हणून सांगितलं, पण तोवर ठिणग्या पुढे उडत जाऊन गावाच्या मधोमध आगी लागत होत्या, म्हणजे क्रमाने बाहेर काढायला क्रमच उरला नाही, सगळे एकदम रस्त्यावर. स्कायवे सगळा उतरणीच्या दिशेने सोडलासुद्धा, पण तोच रस्ता गावाच्या बाजारपेठेत काही वर्षांपूर्वी चार लेनचा दोन लेन केलेला, लोकांना चालायला बरं पडावं म्हणून. 85 माणसं गेली, 18 हजारांहून जास्त बांधकामं जळाली. गेलेल्यांमध्ये बहुतेक म्हातारी माणसं होती, 65 च्या पुढची, आणि पुष्कळ जण घरातच सापडले.

हे मी घाबरवायला सांगत नाहीये, त्या गावाला नावं ठेवायला तर मुळीच नाही. त्यांचा प्लॅन मागच्या आगीसाठी एकदम बरोबर होता. मागची आग एका बाजूने आली होती आणि तिने तास दिले होते. म्हणून माझं म्हणणं असं आहे की नगरपालिकेने, काउंटीने वणव्याची तयारी करायची म्हणजे मुळात वेळ कमवायचा, आग यायच्या दिवशी हातात दीड तासाचे तीन तास कसे होतील हे बघायचं, आणि तो वेळ त्या दिवशी मिळत नाही, तो आधीच्या पाच-दहा वर्षांत थोडा थोडा करून साठवावा लागतो. तहान लागल्यावर विहीर खणून इथं भागत नाही.

एक गोष्ट त्या दिवशी कुणी न ठरवता चांगली झाली ती पण सांगते, कारण ती कमी सांगितली जाते. रस्ता बंद झाल्यावर फायरच्या लोकांनी आणि पोलिसांनी माणसांना मोठ्या दुकानांच्या पार्किंगमध्ये, मोकळ्या डांबरावर वळवलं, तिथं थांबवून धरलं आणि आग आजूबाजूने निघून जाऊ दिली. सरकारच्या निस्ट या संस्थेने नंतर मिनिटामिनिटाचा अभ्यास केला त्यात दिसलं की अशा जागांवर हजाराहून जास्त लोक वाचले. यातल्या बहुतेक जागा आधी कुणी ठरवल्या नव्हत्या! आता निस्ट लहान गावांना हेच सांगतंय की बाहेर पडायचा प्लॅन तर हवाच, पण बाहेर पडता आलं नाही तर कुठं थांबायचं त्या जागाही आधी हेरून ठेवा. तुमच्या गल्लीतून खाली येताना शाळेचं मोठं ग्राउंड लागतं का, चर्चचं पार्किंग लागतं का, या वीकेंडला गाडीतून जाताना नुसतं बघून घ्या.

आता आपल्याकडचं बोलू. ओकलंड हिल्समध्ये 1991 च्या ऑक्टोबरमध्ये जी आग लागली तिच्यात 25 माणसं गेली. आदल्या दिवशी शनिवारी ती छोटी आग विझवलेली होती, रविवारी वारा सुटला आणि ती परत उठली. मदतीला आजूबाजूच्या शहरांचे बंब आले, आणि त्यांच्या नळ्या ओकलंडच्या हायड्रंटला, म्हणजे रस्त्याकडेच्या आग विझवायच्या नळाला बसेनात, कारण ओकलंडचं तोंड तीन इंचाचं आणि बाकी सगळ्यांचं अडीच. विचार करा, पाणी आहे, बंब आहे, माणूस आहे, आणि मधली अर्ध्या इंचाची गोष्ट वर्षानुवर्षं कुणी बघितली नाही. असलं काम कौन्सिलच्या मीटिंगमध्ये कंटाळवाणं वाटतं, त्याला टाळ्या पडत नाहीत, पण खरी तयारी तिथंच असते.

पैशाचंही तसंच आहे. त्या आगीनंतर हिल्समधल्या लोकांनी स्वतःवर एक जादाचा कर लावून घेतला होता, रस्त्याकडेचं गवत कापायला, शेळ्या चारायला (हो, इथं शहर शेळ्यांचे कळप भाड्याने आणतं, उतारावर मशीन जात नाही तिथं शेळीच लागते, आपल्या धनगरांना हे सांगावं लागणार नाही), घरोघरी तपासणी करायला. 2013 मध्ये तो चालू ठेवायचा की नाही यावर मतदान झालं, दोन तृतीयांश मतं हवी होती, आणि अगदी थोडक्या मतांनी तो पडला. लोक आग विसरले होते, 22 वर्षं होऊन गेलेली. परत तसा कर मंजूर व्हायला 2024 चा नोव्हेंबर उजाडावा लागला, घरामागे वर्षाला 99 डॉलर. मधली अकरा वर्षं गवत थांबलं नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, बॅलटवर सगळ्यात खाली जे छोटे छोटे मेजर असतात, म्हणजे कर किंवा नियमावर थेट मत द्यायचे प्रस्ताव, ज्यांना आपण आपलं काय जातंय म्हणून रिकामं सोडतो, ते वाचा. ज्यांना मत नाही, एच-वन या कामाच्या व्हिसावर आहेत, त्यांनी सिटी कौन्सिलच्या मीटिंगला जाऊन दोन मिनिटं बोला, तिथं नागरिकत्व विचारत नाहीत.

आता अलर्ट. ही आमच्या घरचीच गोष्ट. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये सासूबाई आमच्याकडे होत्या, आम्ही दोघं ऑफिसला, मुलगी शाळेत. दुपारी आमच्या बाजूच्या टेकडीवर धूर दिसला, काउंटीचा मेसेज माझ्या फोनवर आला, नवऱ्याच्या फोनवर आला. सासूबाईंचा फोन पुण्याचा, सिम काढून ठेवलेलं, नुसतं वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप. त्यांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं, त्या आत कुकर लावत होत्या. मी फोन करतेय आणि त्या म्हणतायत, अगं धूर कसला, शेजारी बार्बेक्यू लावलाय वाटतं. शेजारच्या बाईंनी दार वाजवलं आणि त्यांना स्वतःच्या गाडीत घेतलं. आग त्या दिवशी लवकर आटोक्यात आली, पण मला रात्री झोप लागली नाही. मी या विषयात काम करते, लोकांच्या घरी जाऊन सांगते, आणि माझ्याच घरात अलर्ट जिला सगळ्यात जास्त हवा तिच्यापर्यंत पोचला नव्हता.

पॅराडाइजमध्ये पण तेच झालं होतं, मोबाइलवर अलर्ट फक्त ज्यांनी आधी नाव नोंदवलं त्यांना, आणि पुष्कळांनी नोंदवलंच नव्हतं, शिवाय मोबाइलचे टॉवर जळत गेले. आता त्यांनी गावभर सायरनचे टॉवर उभारलेत, त्याला ना फोन लागतो ना नोंदणी. आणि 2025 च्या जानेवारीत लॉस एंजेलिसजवळ अल्टाडेनात आग लागली तेव्हाचं बघा, लेक अव्हेन्यू या रस्त्याच्या पूर्वेला संध्याकाळीच बाहेर पडायचा आदेश गेला, पश्चिमेला तो पहाटे तीननंतर गेला, आणि जी माणसं गेली ती जवळजवळ सगळी पश्चिमेची. त्यामुळे अलर्ट येईल मग निघू असं धरून बसू नका. बर्कलीचं फायर डिपार्टमेंट तर स्पष्ट सांगतं की अति धोक्याच्या वाऱ्याचा दिवस असेल तेव्हा हिल्समधल्यांनी आग लागायच्या आधीच एखाद दिवस खाली राहायला जावं, म्हातारी माणसं घरात असतील तर नक्कीच. खाली आपलीच माणसं आहेत की, फ्रीमॉन्टला, सनीवेलला. आपल्याकडे गणपतीला वीस माणसं एका घरात झोपतात, रेड फ्लॅगच्या, म्हणजे वणव्याच्या धोक्याचा इशारा असलेल्या दोन रात्री चार माणसं का नाही झोपणार? हे आपल्या मराठी मंडळाने यादी करून ठेवावं असं मला मनापासून वाटतं, वर कोण राहतं, खाली कुणाकडे जागा आहे.

शेवटचं, घर. लोकांना वाटतं ज्वाळांची भिंत येते आणि घर गिळते. बहुतेक घरं तशी जात नाहीत. वाऱ्याबरोबर निखारे येतात, तांदळाएवढे, अंगठ्याएवढे, आणि ते घराला टेकलेल्या कुठल्यातरी सुक्या गोष्टीवर बसतात. मी शहराच्या इन्स्पेक्टरबरोबर आमच्याच घराला चक्कर मारली तेव्हा तो फार बोलला नाही, नुसता बोट दाखवत गेला. गटरमध्ये हात घातला आणि पाइनच्या सुयांची मूठ काढून माझ्या हातात दिली, कुरकुरीत, हातातच चुरा झाली. पोटमाळ्याच्या जाळीला करंगळी लावून दाखवली, भोकं एवढी मोठी, तिथं एक अष्टमांश इंच भोकांची जाळी हवी. भिंतीला चिकटलेलं लाकडी कुंपण, म्हणजे आगीला दारापर्यंत आणून सोडणारी वातच. खिडकीखालचा लाकडाच्या भुशाचा थर. दारातलं काथ्याचं पायपुसणं, जे मी कोकणातून मुद्दाम आणलं होतं.

भिंतीपासून पाच फूट. त्याला झोन झिरो म्हणतात, इव्हॅक्युएशनच्या झोनशी त्याचा संबंध नाही, नाव एक असल्याने गोंधळ होतो. त्या पाच फुटांत जळणारं काही नको, खडी चालेल, फरशी चालेल. पॅराडाइजने परत बांधताना हा नियमच केलाय, बर्कलीने 2025 मध्ये आपल्या सगळ्यात धोक्याच्या भागांसाठी केलाय. बऱ्याच ठिकाणी विरोध होतोय, लोकांना आपली जुनी झाडं तोडवत नाहीत, आणि ते दुःख खरं आहे, मी त्याला हसणार नाही. पण तीस फुटांवरच्या घरांमध्ये माझं घर पेटलं की शेजारचं पेटतं, म्हणून हा एकट्याच्या बागेचा प्रश्न राहत नाही, आणि म्हणूनच तो नियम शहरानेच करावा लागतो. इन्शुरन्सवाले पण आता हेच विचारतात, ज्यांची पॉलिसी रद्द होऊन आलीय त्यांना हे मी सांगायला नको.

आता मगाशी चहाच्या वेळी एका काकूंनी विचारलं, मग तुळशीचं काय. आमच्याकडे पण हाच प्रश्न आला होता. आमची तुळस मागच्या दाराला लागून, लाकडी स्टँडवर होती. इन्स्पेक्टर गेल्यावर आम्ही तो स्टँड काढला, अंगणात फरशीवर भिंतीपासून लांब विटांचा ओटा केला आणि त्यावर कुंडी ठेवली. सासूबाई यंदा आल्या तेव्हा मला धाकधूक होती की त्या काय म्हणतील. पहिल्या सकाळी त्यांनी पाणी घातलं, आणि मग तुळशीभोवती प्रदक्षिणा घातली. मागच्या वेळी भिंतीमुळे त्यांना ती घालता यायची नाही, जागेवरच स्वतःभोवती फिरायच्या. आता त्यांचा झोन नंबर पण त्यांना पाठ आहे, मागच्या दाराच्या आतल्या बाजूला त्यांच्याच अक्षरात लिहून चिकटवलाय, खाली शेजारच्या बाईंचा फोन नंबर. प्रश्न असतील तर विचारा, मी इथंच आहे.