विकू की भाड्याने देऊ?

मागपर्यंत ऐकू येतंय ना? बरं. विषय दिलाय, रिकामा फ्लॅट विकावा की भाड्याने द्यावा. माझं म्हणणं, हा प्रश्नच आपण उलटा विचारतो. घेतला तेव्हा केवढ्याला पडला, आता काय भाव चाललाय, भाडं किती येईल, एवढंच आपण बघतो. विचारायचं असं, की समजा फ्लॅट नाहीच आहे, त्याचे पैसे बँकेत पडलेत, तर भाड्याने द्यायला म्हणून आज हाच फ्लॅट, हाच मजला, हीच ओल धरलेली भिंत विकत घ्याल का? नाही म्हणत असाल तर ठेवलाय कशाला?

ओलीवरून आठवलं, दोन मिनिटात सांगतो. आम्ही आमचा फ्लॅट भाड्याने दिला, विचार काही नाही, राहू दे, भाडं तर येतंय. भाडेकरू चांगला, एक तारखेला पैसे, तक्रार शून्य. तक्रार आली खालच्या मजल्यावरून. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपपाशी, म्हणजे फरशीतलं पाणी जिथून खाली जातं तिथे, पाणी झिरपायला लागलं आणि खालच्या काकांनी मला त्यांच्या छताचे फोटो पाठवायला सुरुवात केली. रोज! डागाला पट्टी टेकवून, किती सेंटीमीटर वाढला ते दिसावं म्हणून. एक प्लंबर म्हणाला ट्रॅप बदला, दुसरा म्हणाला सगळ्या फरश्या काढून वॉटरप्रूफिंग करा, तिसरा नुसता ठोकून बघून पैसे घेऊन गेला. शेवटी फरश्या उखडल्या, त्या रंगाच्या परत मिळेनात, म्हणून अर्धं बाथरूम निळं, अर्धं पांढरं, आणि तोवर आंघोळीचे वांधे म्हणून भाडेकरू गेला, जाताना डिपॉझिट मागायचं तर तोच मला सॉरी म्हणतोय. पुढे दोन महिने फ्लॅट रिकामा. काका अजून फोटो पाठवतात, कोरड्या छताचे.

पाच मिनिटं? अहो, अजून मुद्द्याला हातच नाही लावला! असो, पटापट.

भाडं कधी पूर्ण बारा महिन्यांचं धरू नका. समजा वर्षाचं भाडं फ्लॅटच्या किमतीच्या ३ टक्के येतं. दोन महिने रिकामा गेला की अडीच. मेंटेनन्स, दुरुस्ती, दलाली, टॅक्स वजा करा, आणखी खाली. आणि टक्के आजच्या किमतीवर काढायचे, खरेदीच्या नाही, जुन्या किमतीवर काढलं की कुठलाही फ्लॅट सोन्याची खाण वाटतो. भाव वाढेलही, पण मग तुम्ही भाड्यासाठी नाही, भावावर पैज लावून बसलायत.

भाव पडला असेल तर अजूनच गंमत. जेनेसोव्ह आणि मेयर या दोन अर्थतज्ज्ञांनी बॉस्टनमधल्या १९९० च्या दशकातल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास २००१ मध्ये छापला. ज्यांना खरेदीपेक्षा कमी किंमत येणार होती ते जास्त भाव लावून बसले, आणि त्यांचे फ्लॅट विकायला वेळही जास्त लागला. घेणाऱ्याला तुमच्या खरेदीखताशी काय देणंघेणं?

मग भाड्याने द्यायचा कधी? वर्षा-दोन वर्षांत स्वतः राहायला परत यायचं असेल तर बिनधास्त द्या, विकून परत घ्यायचं म्हणजे दलाली, नोंदणी, सगळं दोनदा. खर्च जाऊन भाड्यातून कर्जाचा हप्ता सुटत असेल आणि प्लंबरला दार उघडायला जवळ कोणी असेल, तरी द्या. पण सगळी पुंजी त्या एकाच फ्लॅटमध्ये अडकली असेल तर माझं मत, विका. विकून आलेल्या पैशांचं काय करायचं हा माझा तिसरा भाग होता, तो राहिला. खाली चहाला भेटा, सांगतो, फक्त लीकेजचं कोणी विचारू नका.