प्रवाळाच्या नजरेतला उजेड

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत एक हॅमर प्रवाळ आहे. मुठीएवढा दगडी सांगाडा आणि त्यातून बाहेर येऊन डोलणारी हिरवट बोटं, प्रत्येक बोटाच्या टोकाला छोटी हातोडी. जुना ट्यूबचा दिवा काढून मी तिथे नवा एलईडी टांगला, तेव्हाची ही गोष्ट. बटण दाबलं आणि मन खट्टू झालं. उजेड निळा, तिन्हीसांजेसारखा. एवढे पैसे घालून हेच का, म्हणून सगळे चॅनेल, म्हणजे दिव्यातल्या एकेका रंगाचे कमी-जास्त करता येणारे गट, शंभर टक्क्यांवर नेऊन ठेवले. पाचव्या दिवशी हॅमरने बोटं आत ओढून घेतली ती बाहेर काढेचना. दहाव्या दिवशी त्याच्या एका बाजूचं मांस इतकं फिकट झालं, की खालचा पांढरा सांगाडा आरपार दिसायला लागला. मला मंद वाटलेल्या दिव्याने त्याला भाजून काढलं होतं.

दिव्यात खोट नव्हती, खोट माझ्या डोळ्यांत होती. माणसाचा डोळा हिरवट-पिवळ्या उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतो, साधारण 555 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास. तिथे शंभर गुण धरले, तर 450 नॅनोमीटरच्या गडद निळ्याला डोळा जेमतेम चार गुण देतो. आणि दिव्याच्या खोक्यावर छापलेले ल्युमेन किंवा मोबाइलवर मोजलेले लक्स हे याच डोळ्याच्या मापाने काढलेले असतात. वॅटचं तर विचारूच नका. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो, एवढंच. त्यातली उजेडात किती उतरते आणि उष्णतेत किती जाते, हे वॅट सांगत नाही.

आता प्रवाळाचं बघा. त्याच्या मांसाच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. अगदी नखाएवढ्या जागेत लाखोंच्या संख्येने. हे शैवाल उजेडावर साखर बनवतं आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला, म्हणजे प्रवाळाला देतं. खोल समुद्रात जाताना पाणी आधी तांबडा उजेड गिळतं, निळा सगळ्यात खोलवर पोचतो. त्यामुळे या शैवालाची रंगद्रव्यं 400 ते 500 नॅनोमीटरचा जांभळा-निळा पट्टा मन लावून शोषतात. आपल्याला जो उजेड तिन्हीसांज वाटतो, तो त्यांच्यासाठी भरदुपार असतो.

मग मोजायचं कशाने? त्यासाठी पार हे माप आहे. वडाखालचा पार नव्हे. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या, म्हणजे 400 ते 700 नॅनोमीटरच्या उजेडाचा हा हिशेब. एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती प्रकाशकण पडले, ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. उष्ण कटिबंधात लख्ख दुपारी उघड्यावर हा आकडा 2000 च्या घरात जातो. घरच्या टाकीत एवढा कुणालाच लागत नाही. मशरूम प्रवाळ आणि मऊ प्रवाळ 50 ते 100 मध्ये सुखात असतात. माझ्या हॅमरसारखे मोठ्या तोंडाचे दगडी प्रवाळ 75 ते 150 वर खूश. अक्रोपोरासारखे फांद्यांचे, बारीक तोंडांचे प्रवाळ 200 ते 350 मागतात. हे आकडे ढोबळ आहेत, पण दिवा निवडायला पुरतात. म्हणून आधी ठरवा, कोणता प्रवाळ टाकीत कुठे बसणार. दिव्याचा विचार त्यानंतर.

पार मोजायचं मीटर महाग असतं आणि रोज लागतही नाही. कुणाकडून चार दिवस मागून आणा. मात्र निळ्या एलईडीसाठी बनवलेलं आहे ना, ते बघून घ्या. काही जुनी मीटरं निळा उजेड कमी मोजतात आणि मग आपण दिवा आणखी चढवतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. जाहिरातीत दिव्याचा पार आकडा दिलेला असतो, तो बहुतेक वेळा बरोबर दिव्याखालचा. तुम्ही विचारा, कोपऱ्यात किती? एका जागी 400 आणि वीतभर बाजूला 80, असा दिवा घेतलात तर मधला प्रवाळ करपतो आणि कडेचा उपाशी राहतो. अरुंद कोनाची भिंगं उजेड खोलवर नेतात, पण तो खांबासारखा उभा पडतो. रुंद कोनाची भिंगं उजेड पसरवतात, पण थोडा काचेबाहेर सांडतात. शिवाय एकाच ठिपक्यातून येणारा उजेड सावल्या गडद पाडतो. फांद्यांच्या प्रवाळाचं बघा: वरून झकास रंग, आणि खाली वाकून पाहिलं तर फांदीची पोटाकडची बाजू मातकट, कधी कधी मेलेली. म्हणून माझं मत असं, की साधारण 60 सेंटिमीटर लांबीला एक मध्यम दिवा धरावा. 120 सेंटिमीटरच्या टाकीवर एक दांडगा दिवा टांगण्यापेक्षा दोन मध्यम दिवे केव्हाही बरे. दोन बाजूंनी उजेड आला की सावल्या विरतात. काही जुने शौकीन अजूनही एलईडीच्या दोन्ही बाजूंना टी-फाइव्ह, म्हणजे बारीक ट्यूबलाइट, लावतात, ते याच कारणाने. मला त्यात जुनाटपणा दिसत नाही.

उंचीही याच हिशेबात येते. पाण्यापासून 20 ते 30 सेंटिमीटर वर टांगला की उजेड पसरतो आणि मिठाचे शिंतोडेही कमी उडतात. पण खुर्चीत बसल्यावर दिवे थेट डोळ्यांत येतात का, हे टांगण्याआधी बघा. घरातली माणसं याच कारणावरून पहिली तक्रार करतात!

रंगांच्या चॅनेलवर लोक तासन्‌तास वाद घालतात. मी त्यात फार वेळ घालवत नाही. 420 ते 470 नॅनोमीटरचा जांभळा-निळा भरपूर आणि आपल्याला बघायला बरं वाटेल एवढा पांढरा. तांबडा-हिरवा चिमूटभर, चवीपुरता. निळ्याखाली प्रवाळ चमकतात ते त्यांच्यातल्या प्रथिनांमुळे. निळा उजेड शोषून ती हिरवा किंवा केशरी परत टाकतात. याच जातीचं हिरवं प्रथिन आधी एका जेलीफिशमध्ये सापडलं आणि त्यावरच्या कामाला 2008 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण चमक म्हणजे तब्येत नव्हे. निव्वळ निळ्या उजेडात काढलेला फोटो बघून प्रवाळ विकत घेऊ नका. पांढरा चॅनेल चढवायला सांगा आणि मग बघा.

नोबेलवरून आठवलं. 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना मिळालं, ते निळ्या एलईडीसाठीच. पांढरा एलईडीसुद्धा बहुधा निळाच असतो, वर पिवळ्या फॉस्फरचा लेप. एलईडी येण्याआधी प्रवाळांवर 250 किंवा 400 वॅटचे मेटल हॅलाइड दिवे जळायचे; उजेड सुंदर, पण पाणी तापून चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लावायची वेळ यायची. एलईडीची उष्णता मागच्या धातूच्या पट्ट्यांतून वर जाते. तरी थंड करणारा फॅन खारट हवेत लवकर कुरकुरतो, म्हणून तो बदलता येतो का, हे घेतानाच विचारा. वायर भिंतीवरच्या सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत पोचत नाही.

दिवा बसवल्यावर घाई नको. मी आता 30 ते 40 टक्क्यांवर सुरुवात करतो आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू चढवतो. नव्या दिव्यांमध्ये हे आपोआप करणारी सोय असते, ती जरूर वापरा. उजेड एकदम वाढला, की शैवाल झेपणार नाही इतकं कामाला लागतं, त्यातून घातक प्राणवायूचे कण तयार होतात आणि प्रवाळ शैवालालाच बाहेर काढतो. तोच तो पांढरेपणा. दिवसाला आठ ते दहा तास पुरे, त्यात सकाळ-संध्याकाळचा चढ-उतार धरून. आणि एक, उजेड वाढवला की प्रवाळ भराभर सांगाडा बांधतो, मग पाण्यातली क्षारता, म्हणजे सांगाडा बांधायला लागणाऱ्या कार्बोनेटचं माप (खारटपणा नव्हे), खाली येते. त्या आठवड्यांत ती दोन दिवसांआड तपासा.

त्या हॅमरला मी टाकीच्या तळाशी, वाळूवर, दगडाच्या अर्ध्या सावलीत ठेवलं. पाच आठवडे काहीच नाही. सहाव्या आठवड्यात एका सकाळी फिकट बाजूच्या कडेला तपकिरी झाक दिसली, आणि दुपारपर्यंत दोन बोटं बाहेर आली होती. तो अजून तिथेच आहे. मीटर तिथे 90 दाखवतं.

नमस्कार.