अपील मुंबईऐवजी नाशिकला आलं, तर सरकारचा खर्च वाचतो की वाढतो?

नमस्कार. आज कोर्टाच्या हद्दीबद्दल आणि अपिलाच्या नियमांबद्दल बोलू, पण पैशाच्या बाजूने. कायद्यात एक आकडा बदलला की राज्याच्या अंदाजपत्रकात कुठे कुठे हालचाल होते, आणि ती विधेयकाला जोडलेल्या वित्तीय ज्ञापनात, म्हणजे खर्चाचा अंदाज सांगणाऱ्या टिपणात, का दिसत नाही, ते बघायचं आहे.

सगळा हिशोब नाशिकवर मांडतो. सीबीएस बस स्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांनी जमिनीच्या एका दाव्याचा निकाल दिला. अपील कुठे करायचं? महाराष्ट्र दिवाणी न्यायालये कायद्याचं कलम २६ सांगतं की दाव्याचं मूल्य ठरावीक रकमेच्या वर असेल तर थेट हायकोर्टात, खाली असेल तर त्याच आवारात जिल्हा न्यायाधीशांकडे. ही रक्कम वेळोवेळी वाढवली गेली आहे. इथे मूल्य म्हणजे दावा दाखल करताना केलेलं मूल्यांकन, आजचा बाजारभाव नाही. गंगापूर रोडच्या प्लॉटची किंमत आज कितीही असो, दाव्यात लिहिलेला आकडाच धरतात.

[पडद्यावर: नाशिक – मुंबई – छत्रपती संभाजीनगर – कोल्हापूर, नकाशा]

नाशिक जिल्हा हायकोर्टाच्या मुंबईतल्या मुख्यपीठाखाली येतो. शेजारचे धुळे, जळगाव आणि अहिल्यानगर संभाजीनगर खंडपीठाकडे आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे, म्हणजे हायकोर्टाच्या फिरत्या पीठाकडे, गेले. आपण मुंबईतच राहिलो. मालेगावचा पक्षकार धुळ्याच्या वेशीवर राहतो आणि हायकोर्टासाठी मुंबई गाठतो.

आता समजा, कलम २६ मधली रक्कम वाढवली आणि वर्षाला सहाशे अपिलं मुंबईऐवजी नाशिकला यायला लागली. सहाशे हा आकडा फक्त गणितासाठी घेतला आहे. एक जिल्हा न्यायाधीश वर्षात अशी दोनशे अपिलं निकाली काढतो असं धरलं, तर तीन नवी न्यायालयं लागतात. दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाप्रमाणे जिल्हा न्यायाधीशाचं सुरुवातीचं मूळ वेतन महिन्याला १,४४,८४० रुपये आहे. वर्षाचे १७,३८,०८०, तिघांचे ५२,१४,२४०. हे नुसतं मूळ वेतन झालं. त्यावर महागाई भत्ता, निवासस्थान, गाडी. शिवाय प्रत्येक न्यायालयाला लघुलेखक, लिपिक, बेलिफ, शिपाई लागतात, आणि कोर्ट हॉलही लागतो. इमारतीसाठी केंद्राच्या योजनेतून ६० टक्के मिळू शकतात, ४० टक्के राज्याचे. पगार मात्र दरवर्षीचे आणि राज्याचेच.

मग मुंबईत तेवढी बचत होते का? होत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट ज्ञापनात सुटते. मुंबई हायकोर्टात न्यायाधीशांची मंजूर पदं ९४ आहेत. सहाशे अपिलं कमी झाली म्हणून त्यातलं एकही पद रद्द होत नाही. न्यायाधीशांचा वेळ मोकळा होतो आणि तो जुन्या प्रकरणांना मिळतो. हे मोलाचं आहे, पण अंदाजपत्रकात तो रुपयांत उतरत नाही. नाशिकचा खर्च खरा असतो, मुंबईची बचत कागदावरची असते.

याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. हायकोर्टाच्या न्यायाधीशांचे पगार आणि हायकोर्टाचा प्रशासकीय खर्च संविधानाच्या कलम २०२ आणि २२९ प्रमाणे राज्याच्या एकत्रित निधीवर भारित आहे. त्यावर विधानसभेत मतदान होत नाही. जिल्हा न्यायालयांचा खर्च दत्तमत आहे: मागणी मांडायची, मंजूर करून घ्यायची, आणि आर्थिक ताण आला की कात्री याच बाजूला लागू शकते. अपील खाली आणलं की काम सुरक्षित, म्हणजे भारित खर्चातून असुरक्षित, म्हणजे दत्तमत खर्चात येतं. अंदाजपत्रकात मुख्य लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, क्रमांक २०१४, न्यायदान, उघडा आणि दत्तमत व भारित हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचा. कोर्ट फी मात्र तिथे सापडणार नाही. मुद्रांकाच्या रूपात येणारी कोर्ट फी ००३० या जमेच्या शीर्षात असते. म्हणून 'कोर्टाचा खर्च कोर्ट फीतून निघतो का', या प्रश्नाला एका पानावर उत्तर मिळत नाही.

[पडद्यावर: दोन रस्ते. वरचा: वरिष्ठ स्तर → हायकोर्ट. खालचा: वरिष्ठ स्तर → जिल्हा न्यायालय → हायकोर्ट]

हे चित्र नीट बघा. पहिलं अपील थेट हायकोर्टात गेलं आणि एकल न्यायाधीशांनी निकाल दिला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १००अ मुळे हायकोर्टातच पुढचं अपील नाही. राहतं ते सुप्रीम कोर्ट. पण पहिलं अपील जिल्हा न्यायालयात गेलं, तर कलम १०० खाली दुसरं अपील हायकोर्टात करता येतं, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर. म्हणजे रक्कम वाढवून आपण एक पायरी वाढवतो. सहाशेपैकी काही अपिलं दोन-तीन वर्षांनी हायकोर्टात परत येणारच, आणि 'हायकोर्टाचा भार इतका कमी होईल' म्हणताना ती वजा केलेली नसतील, तर तो अंदाज चुकीचा आहे.

फायद्याची बाजूही ठोस आहे, आणि ती मुख्यतः पक्षकाराची आहे. १९९८ पासून जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, हायकोर्टाची इंग्रजी. निफाडचा सातबारा, फेरफार, खरेदीखत, साक्षीदारांचे जबाब हे सगळं मुंबईला जाताना भाषांतर करून पेपरबुकात, म्हणजे अपिलाच्या कागदांच्या संचात, लावावं लागतं. खालून आर अँड पी, म्हणजे मूळ रेकॉर्ड, मागवावं लागतं, आणि ते येईपर्यंत अंतिम सुनावणी अडते. नाशिकलाच अपील असेल तर रेकॉर्ड एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जातं आणि भाषांतराचा खर्च उरत नाही. सरकार पक्षकार असेल तर हाच पैसा सरकारचाही वाचतो, कारण मुंबईला फाईल घेऊन जाणाऱ्या तलाठ्याचा आणि भूसंपादन कार्यालयातल्या लिपिकाचा दिवस आणि प्रवासभत्ता तिजोरीतूनच जातो. कायदा बदलायचा असेल तर या एका कारणासाठी बदलावा, इतकं याचं वजन आहे.

भूसंपादनाचा हिशोब वेगळा करावा लागतो. २०१३ च्या कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अपील हायकोर्टातच, साठ दिवसांत. दिवाणी न्यायालये कायद्यातला आकडा बदलून ते हलत नाही. आणि सरकारचा मोठा पैसा इथे जातो, तो व्याजात. प्राधिकरणाने, म्हणजे मोबदल्याचे वाद ठरवणाऱ्या न्यायाधिकरणाने, वाढवून दिलेल्या मोबदल्यावर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के, नंतर १५ टक्के व्याज. वाढीव रक्कम ४० लाख धरा. पहिल्या वर्षाचे ३,६०,०००, पुढे दरवर्षी ६,००,०००. पाच वर्षांत २७,६०,०००. शेवटी शेवटी हे दिवसाला सुमारे १,६४४ रुपये पडतात, एका शेतकऱ्याच्या एका प्रकरणात. रक्कम प्राधिकरणात जमा केली तर तेवढ्यापुरतं व्याज थांबतं. न करता अपील पडून राहिलं तर चालूच राहतं. अपील लवकर संपवणारा कुठलाही नियम न्यायाधीशांच्या पगारापेक्षा जास्त पैसा इथे वाचवू शकतो, आणि ती बचत विधी व न्याय विभागाच्या नाही, भूसंपादन करणाऱ्या विभागाच्या खात्यात दिसते.

अंमलबजावणी बिघडते ती बहुतेक वेळेच्या गणितात. न्यायालयांची पदं निर्माण करायला हायकोर्टाचा प्रस्ताव, विधी व न्याय विभाग, वित्त विभाग, उच्चस्तरीय सचिव समिती, मंत्रिमंडळ आणि मग शासन निर्णय, इतका प्रवास असतो. कायदा मात्र राजपत्रात आला की त्या तारखेला लागू होऊ शकतो. मग आहे त्याच न्यायाधीशांच्या बोर्डावर, म्हणजे रोजच्या प्रकरणांच्या यादीत, अपिलं चढतात आणि सत्र खटले मागे सरकतात. विधेयकात 'शासन अधिसूचनेद्वारे ठरवील त्या तारखेला' अंमल ठेवला आणि ती तारीख पदं भरल्यावरच काढली, तर हे टळतं. प्रलंबित अपिलांचं काय, हेही कलम स्पष्ट हवं. अपिलाचा हक्क दावा दाखल झाला त्या दिवशीच मिळतो, असं सुप्रीम कोर्टाने गरिकापाटी प्रकरणात १९५७ मध्ये सांगितलं आहे. कलम मोघम राहिलं तर 'माझं अपील कुठे' यावरच वेगळे अर्ज सुरू होतात.

आणि ज्यांचा निकाल आत्ताच लागला आहे किंवा लागणार आहे, त्यांच्यासाठी. भूसंपादन सोडून, दिवाणी दाव्यात हायकोर्टात अपिलाची मुदत ९० दिवस, जिल्हा न्यायालयात ३०. कोर्ट बदललं की मुदत एक तृतीयांश होते. सरकारी खात्यांची फाईल बहुतेकदा इथेच अडकते आणि विलंब माफीचा अर्ज करावा लागतो. निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात, पण नक्कल विभागात अर्ज दिल्यापासूनच. अर्ज द्यायच्या आधी गेलेले दिवस तुमचे गेले. निकाल ऐकला त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या, पावतीवरची तारीख तपासा, आणि वकिलांना विचारा की आपल्या दाव्याच्या मूल्यांकनावर अपील वर जातं की इथेच राहतं.